सहा-शून्यचा गुलाल

छत्रपती संभाजीनगर
मंगळवार, कॉलेजच्या मैदानाचा कट्टा

तीर्थस्वरूप सोनाजीमामा यांच्या पायांवर भाचा भारत याचं डोकं. (डोकं अजून ठिकाणावर आहे, मामींना तसं सांगावं.)

पत्र बघून दचकू नका. आपल्याकडे पत्र आलं की आधी 'कोण गेलं?' असं विचारतात, म्हणून पहिल्याच ओळीत सांगतो की कोणी गेलेलं नाही. आम्ही सगळे खुशाल आहोत. तुमचा गुडघा कसा आहे? त्या लंगड्या मेंढीचा पाय बसला का? पैठणच्या कालव्याला पाणी सोडलं असं ऐकलं, ते आपल्या वावरापर्यंत पोचलं की नेहमीप्रमाणे वरच्या वस्तीनंच जिरवलं? फोन करणार होतो, पण फोनवर तुम्ही 'बरं बरं, मेंढरं पांगली' म्हणून ठेवून देता, आणि मेंढरं खरंच पांगली की माझं बोलणं लांबलं, हे मला कधीच कळत नाही. पत्राला ती सोय नाही.

तर भारतचं कॉलेज फुटबॉलचे सगळे सामने हरलं, हे तुमच्या कानावर आलंच असेल. आपल्या पाहुण्यारावळ्यांत चांगली बातमी बैलगाडीनं येते आणि अशी बातमी एसटीच्याही आधी पोचते. बातमी खरी आहे. नऊच्या नऊ हरलो. पण माणूस कसा हरला हे विचारल्याशिवाय त्याला नावं ठेवू नयेत, म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

आमचे जुने प्रशिक्षक पुण्याला गेले आणि प्राचार्यांनी मला बोलावलं. मी तासिका तत्त्वावरचा क्रीडाशिक्षक, खेळ कबड्डी. (माझी पकड तुम्ही पाहिली आहे. तुमचा माजलेला एडका मी एकट्यानं खाली बसवला होता, तेव्हा तुम्हीच मला गूळ दिला होता.) मी म्हणालो, सर, मला फुटबॉलमधलं एवढंच माहीत आहे की हात लावायचा नाही. ते म्हणाले, कबड्डीत पळायचं असतं, फुटबॉलमध्येही पळायचं असतं, तुम्हीच बघा. त्याच बैठकीत संस्थेच्या सचिवसाहेबांनी अट घातली, की या मोसमात एक तरी सामना जिंका, नाहीतर मैदान लग्नकार्याला देणार. हिरवळ, कारंजं, वरातीसाठी वेगळं फाटक, सगळं त्यांच्या डोक्यात तयार होतं. मामा, माझी पोरं दौलताबाद, खुलताबाद, कन्नडकडची. एकेका खोलीत चौघं राहतात, एकानं कूस बदलली तर चौघांना बदलावी लागते. त्यांना पाय पसरायला या शहरात एवढंच एक मैदान आहे. मी छाती ठोकून 'जिंकतो' म्हणालो. छातीला काय, ठोकली की आवाज येतोच.

मग मला जे येत होतं ते मी शिकवलं. पहिल्या सामन्यात समोरचा पोरगा चेंडू घेऊन आत शिरला, तशी आमच्या मागच्या चौघांनी हातात हात घालून साखळी केली आणि त्याला घोट्याला धरून अलगद खाली बसवला. पकड इतकी देखणी होती की मी उभा राहून टाळ्या वाजवल्या. पंचांनी शिट्टी वाजवली. दोन पोरं बाहेर गेली आणि आम्ही नऊ गोल खाल्ले. (ऑफसाइड म्हणजे काय हे तुम्ही विचारू नका. मला ते दिवाळीनंतर समजलं आणि संक्रांतीला पुन्हा विसरायला झालं.) पुढच्या सामन्याला पैठणचा संघ पाहुणा आला. आता पैठणहून आलेलं माणूस आपल्या दारातून उपाशी खेळायला पाठवायचं का? मी पोरांच्या घरून धपाटे, ठेचा, दही आणि पुरणपोळ्या मागवल्या. त्यात थोडा डावही होता, पाहुणे जड झाले तर बरंच. पण त्यांच्या प्रशिक्षकांनी केळी सोडून कशालाही हात लावू दिला नाही. अन्न वाया घालवणं आपल्या रक्तात नाही, म्हणून ते सगळं आमच्या अकरा जणांनी संपवलं. सात गोल झाले, आणि त्यातल्या चार गोलांच्या वेळी आमचा गोलरक्षक रामहरी खाली बसलेला होता. तरी नऊवरून सातवर आलो, ही प्रगती कोणी लिहून ठेवत नाही.

असं करत शेवटच्या सामन्याला आलो. सामना शहराच्या दुसऱ्या टोकाच्या कॉलेजात. तिथं पोचल्यावर कळलं की त्यांचे सदरे पांढरे आणि आमचेही पांढरे. (आमचे मुळात पिवळे होते, पण रामहरीच्या आईनं ते मनापासून धुतले.) वरून घालायच्या रंगीत बंड्या स्नेहसंमेलनाच्या सजावटीत गेलेल्या. पंच म्हणाले, काहीतरी खूण करा, नाहीतर सामना तुमच्या हातून गेला असं धरतो. मामा, दोन कळप एका माळावर आले तर आपण काय करतो? आपल्या मेंढरांच्या पाठीवर रंगाचा पट्टा ओढतो. आमच्या सामानाच्या पेटीत गणपतीतला गुलाल होता. मी एकेका पोराला ओळीनं उभं केलं आणि पाठीवर भरभरून गुलाल चोळला. पंचही म्हणाले, लांबून चांगलं दिसतंय.

पण मेंढरांना घाम येत नाही आणि ती एकमेकांच्या अंगावर उड्या मारत नाहीत, हा फरक माझ्या लक्षात आला नाही. अर्ध्या वेळेपर्यंत मैदानावरची बावीसच्या बावीस पोरं गुलाबी, पंचांची दाढीसुद्धा गुलाबी. आमचा कप्तान विश्वजीत तीनदा त्यांच्याच पोराला 'घे भावा' म्हणून चेंडू देऊन बसला. सहा-शून्य.

खरी गंमत परतीला झाली. आपल्या मुलखात गुलाल माखलेली पोरं उघड्या टेम्पोतून चालली असतील तर बघणारा दुसरं काय समजणार? क्रांती चौकात एक रिक्षावाला ओरडला, "क्या बात है, जीत के आए!" लग्नाहून परतणारे हलगीवाले होते, त्यांनी आपणहून हलगी धरली. पोरांनी आधी पाय आवरले, पण हलगी ही हलगी आहे, मीही काही दगडाचा नाही. औरंगपुऱ्यापर्यंत आमच्या मागं चाळीस माणसं झाली, आणि त्यातल्या एकानं सचिवसाहेबांना फोन केला.

कॉलेजच्या फाटकावर सचिवसाहेब झेंडूची माळ घेऊन उभे. त्यांनी आम्हाला पायऱ्यांवर घेतलं, सगळ्यांसमोर भाषण ठोकलं, म्हणाले, माझी पोरं जिंकून आली, मी शब्दाचा पक्का आहे, मैदान पोरांचंच राहील. टाळ्या पडल्या. मामा, मी गप्प होतो. आत जाऊन हळूच सांगू असा विचार केला होता, आणि माळेसाठी माझी मान वाकलेली होती. तेवढ्यात विश्वजीत पुढं आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "साहेब, आम्ही हरलो. सहा-शून्य. ह्यो गुलाल खुणंचा हाय, जिंकल्याचा नाय."

हलगी थांबली. ज्या मैदानासाठी पोरं पहाटे उठून पळत होती ते दोन मिनिटांपूर्वी त्यांचं झालं होतं, आणि गप्प राहिली असती तर तसंच राहिलं असतं. मागून रामहरी म्हणाला, "व्हय साहेब, त्यातले दोन माझ्या पायातनं गेले." मग एकेक जण पुढं येऊन विश्वजीतच्या शेजारी उभा राहिला. माझे डोळे भरून आले. (गुलाल गेला होता, पण ते कारण नव्हतं.) ही पोरं माझी आहेत, मी त्यांचा प्रशिक्षक आहे, हे मला त्या पायऱ्यांवर मोठ्यानं सांगावंसं वाटलं. नंतर मी विश्वजीतला विचारलं, का रे बोललास? तर म्हणतो, त्या कॉलेजात माझा चुलतभाऊ आहे, सकाळी कळलंच असतं. असं म्हणाला खरा, पण बोलताना तो सारखा मैदानाकडे बघत होता.

सचिवसाहेब माळ घेऊन तसेच खाली उतरले. जाता जाता एवढंच म्हणाले, की पहिलं लग्न ठरलेलं आहे, ते पार पडलं की कारंज्याचं काम सुरू. ती मंडळी आपणहून 'जागा नको' म्हणाली तरच यंदाचा विषय बंद, आणखी एक मोसम तुमचा. दुसऱ्या दिवशी मला वाटलं सरावाला कोणी येणार नाही. सगळे आले. नऊ सामने हरून एकही पोरगा सोडून गेला नाही, असा संघ तुम्ही जिल्ह्यात दाखवा, मी मिशी उतरवतो.

मामींना नमस्कार, लहानांना गोड पापा, आणि गुडघ्याला तेल लावत जा.

तुमचाच, हरलेला पण ताठ,
भारत

ता. क. वर मुद्दामच लिहिलं नाही, ते पहिलं लग्न आपल्या संस्कृतीचं, तुमच्या लेकीचंच आहे. आमच्या मैदानासाठी इसार देऊन आलेली 'मंडळी' म्हणजे तुम्ही.

ता. क. दुसरं. नवरदेवाकडची माणसं शहरातली, त्यांच्यासमोर कमी दिसू नये म्हणून तुम्ही ही जागा धरली, ते मला समजतं. पण मांडव आपल्या वस्तीवर घाला. माझी अकराच्या अकरा पोरं पंगती वाढायला येतील. धावणं त्यांना जमतं आणि वाढताना समोरच्याचा रंग ओळखावा लागत नाही. सचिवसाहेबांना तुमची एक ओळ पुरे आहे.

ता. क. शेवटचं. मामींशी मी रविवारीच बोललो. त्या म्हणाल्या, "मांडव आपल्या वस्तीवरच पडंल, आचारी सांगून झालाय, साहेबाला बी मीच फोन केला. तू तेवढं मामाला पत्र टाक. इचारल्यावाचून केलं तर लई रुसत्यात." तरी आपला होकार लवकर कळवावा. मैदानावर चुन्याच्या रेषा कालच मारून झाल्या आहेत.