खूण ताईने पुसली, तरीही

मी, खाली सही करणार, धंदा पंख्यांच्या व पंपांच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरण्याचा, शाळा अर्धवट, बाकी सर्व स्वतः वाचून शिकलेला, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाविना लिहीत आहे. शुद्धीबद्दल डॉक्टरांचा दाखला जोडलेला नाही. डॉक्टरांनी माझ्याबद्दल लिहिलेल्या कागदांवर माझा आता विश्वास नाही.

१. गाठ माझ्या उजव्या मूत्रपिंडात होती. इस्पितळाने डावे, धडधाकट, काढले. उरलेल्यावर मी फार दिवस काढणार नाही, हे सांगायला ज्योतिषी नको.

२. राहते घर थोरल्या बहिणीला, एकटीला. ऑपरेशनच्या सकाळी माझे अंग पुसताना तिने कमरेवरची शाईची खूण घासून काढली. म्हणाली, "चार मोठी माणसं बघणार. असा डागाळलेला जाणार का?" खूण कशासाठी असते, हे तिला किंवा मला कोणी सांगितले नव्हते.
तिने पुसली हे खरे. त्यामुळे घडले हे खोटे. खूण नसेल तर थांबायचे, हे तिथल्या भिंतीवर छापून लावले आहे. कोणी थांबले नाही. गाठीचा फोटो दिव्यावर उलटा टांगला होता, कोणी सरळ केला नाही. भूल देईपर्यंत मी जागा होतो, मला तोंड होते. कोणी विचारले नाही.

३. इस्पितळाचे म्हणणे, 'नातेवाइकाच्या निष्काळजीपणामुळे' असे लिहून द्या, पुढचे सगळे उपचार फुकट. तो कागद घेऊन धाकटा भाऊच आला.
"दादा, कर ना सही. ताईला कोण फासावर देतंय? आणि पुसली तर तिनेच."
ताई दारातच होती. "कर रे," ती म्हणाली. "जगशील तरी."
मी केली नाही. माझ्या पश्चात कोणा वारसाने तसे लिहून दिल्यास त्याचा माझ्या मिळकतीवरचा हक्क संपला. भावाला, त्या सहीसाठी त्याने आणलेले नवे पेन परत. टोपणासकट.

४. दुकानातली हत्यारे व तार गुंडाळायचे यंत्र समोरच्या मोटारी भरणाऱ्याला. तो माझी गिऱ्हाइके पळवतो आणि जळकी तार पुन्हा घालतो. माझ्या यंत्रावर नवीच तार चढवावी, ही अट.

५. माझे ऑपरेशन करणारे मोठे सर्जन भेटायला आल्यास त्यांना दार कोणत्या बाजूला आहे ते दाखवावे.

६. साक्षीला शेजारचा कुलुपवाला आणि ऑपरेशनच्या वेळी आत असलेल्या नर्सबाई यांना बोलावले. नर्सबाई म्हणाल्या, "काका, माझी नोकरी जाईल."
"जाईल," मी म्हणालो.
ताईने त्यांना चहा दिला, तो त्यांनी घेतला नाही. मग त्यांनी कागद पुढे ओढला.

ठिकाण: राहते घर, पुढची खोली
तारीख: ९ नोव्हेंबर
लिहून देणार: (सही)

साक्षीदार १, कुलुपवाला: (सही) सगळे माझ्यादेखत लिहिले.

साक्षीदार २, नर्स: (सही) मी आत होते. खूण नाही, हे मी कापण्याआधी पाहिले होते. सर घाईत होते, मी बोलले नाही. हे ताईंना वाचून दाखवावे.