बाबांच्या चर्चचं दार

देवळाली प्रवरा,
१२ डिसेंबर २०२४

चि. मोनिका हिस,
प्रभूत सलाम व अ. उ. आ. वि. वि.

फोनवर हा विषय काढला की तुझं दूध उतू जातं आणि तू फोन ठेवतेस. म्हणून आज कागदच घेतला.

इथल्या कॅथलिक देवळाचे वासे पावसाळ्यात कुजले, छप्पर उतरवलंय. तेव्हापासून त्यांची रविवारची उपासना, मिस्सा, आपल्या चर्चमध्ये होते. बाबांच्या चर्चमध्ये, मोने, जिथं ते पाळक होते! आठला ते, दहाला आपण. आपले पाळकसाहेब पाच गावं सांभाळतात, त्यांना दर रविवारी जमत नाही. मग त्यांचे फादरच आपल्या आजाऱ्यांकडे जाऊन प्रार्थना करतात. परवा त्या कॅथलिकांपैकी छगनला दवाखान्यात नेलं, तेव्हा रात्रभर आपले पाळकसाहेब उशाशी होते.

खरी गंमत मूर्तीची. आपल्यात मूर्ती चालत नाही, म्हणून आपल्या पंचांपैकी आबासाहेबांनी अट घातली, की मिस्सा संपली की मारियामातेची मूर्ती बाहेर. बाहेर म्हणजे कुठं? चर्चला लागून घर माझं. आठवडाभर ती माझ्या ओसरीवर असते. पहिल्या दिवशी मी तिचं तोंड भिंतीकडे केलं होतं. मग वाटलं, पाहुण्या बाईला असं कुणी बसवतं का? फिरवली. पहाटे उसावर धुकं उतरतं, रस्ता दिसत नाही, घरं दिसत नाहीत. तेव्हा मी चहा घेऊन तिच्याशेजारी बसते आणि वेळेचं भान राहत नाही. थंडी पडली तशी माझी शालही तिच्या खांद्यावर गेलीय. आबासाहेबांना कळवू नकोस.

१९ जानेवारीला दोन्ही मंडळ्यांची एकत्र प्रार्थना आहे. तू आणि पीटरराव या. अडतीस वर्षं झाली गं. तुला एकदा त्या चर्चमध्ये माझ्याशेजारी बसलेली बघायचंय.

पीटररावांना सलाम. मनात आम्हांला जागा असू दे.
तुझी,
एस्तेरताई

राहाता,
२७ डिसेंबर २०२४

ती. ताईस,
प्रभूत सा. न. वि. वि.

नाताळ बरा झाला. करंज्या यंदा तुझ्यासारख्या झाल्या, म्हणजे जरा कडकच.

मूर्तीचं वाचून हे इतके हसले की ठसका लागला. मी मात्र नंतर रडले. ताई, मी येणार नाही. लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी नवरानवरी माहेरच्या चर्चमध्ये आशीर्वादाला जातात, म्हणून आम्ही आलो होतो. मी लग्नाच्याच साडीत. आत उपासना चालली होती. बाबा उपदेश थांबवून खाली उतरले, आमच्याकडे चालत आले. मला वाटलं, हात धरून आत नेतील. त्यांनी दार लावलं आणि आतून कडी घातली. कॅथलिकाशी लग्न केलं एवढाच माझा गुन्हा. यांनी नुसती माझी पिशवी हातात घेतली.

अजून स्वप्नात मी त्या चर्चमध्ये असते. सगळे बाक पाण्यात तरंगत असतात, बाबा लांबून हाक मारतात. जाग आली की आधी बरं वाटतं, मग कडीचा आवाज आठवतो. आता त्याच चर्चमध्ये मिस्सा होते म्हणे! मग माझंच काय चुकलं होतं?

राग मानू नकोस. माया कमी करू नकोस.
तुझी,
मोनिका

देवळाली प्रवरा,
४ जानेवारी २०२५

चि. मोनिका हिस,
प्रभूत सलाम व अ. उ. आ.

तुझं काही चुकलं नव्हतं. हे मी तेव्हाच म्हणायला हवं होतं. दार बाबांनी लावलं खरं, पण मी तिसऱ्या बाकावर होते आणि उठले नाही. कडी काढायला किती वेळ लागला असता? बाबांची लई भीती वाटायची. त्याची मला आजही लाज वाटते.

या वेळी मी दारातच उभी राहीन. तू आलीस तर तुझ्याबरोबर आत जाईन, नाहीतर बाहेरच थांबेन.

वाट बघते.
ताई

राहाता,
२१ जानेवारी २०२५

ती. ताईस,
प्रभूत सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. तुझ्या चटणीचा डबा एसटीत सांडला, यांचा सदरा अजून तिखट आहे.

त्या दिवशी तुझ्याशी धड बोलता आलं नाही, म्हणून लिहिते. तू हात धरून आत नेलंस तेव्हा मला फरशीसुद्धा दिसत नव्हती. गाणी झाली, वचन झालं, सगळं कुठून तरी लांबून ऐकू येत होतं. मग पाळकसाहेब आणि फादर शेजारी उभे राहिले आणि प्रभूची प्रार्थना सुरू झाली. शेवटाकडे घोटाळा झालाच! आमचे लोक सवयीनं एका जागी थांबले, कारण आमच्याकडे तिथं फादर मध्ये बोलतात आणि मग आम्ही शेवटचं वाक्य म्हणतो. फादरांनी तोंड उघडलंही. पण तुमचे लोक न थांबता सरळ पुढं गेले. फादर तसेच उभे, आमचे सगळे बाक गप्प.

आणि ताई, मी नाही थांबले. अडतीस वर्षं मी तिथं थांबते. घरी, मिस्सेत, मुलांच्या उशाशी, कधी चुकले नाही. त्या दिवशी तुमच्याबरोबर शेवटपर्यंत म्हणत गेले, बाबा मांडीवर घेऊन शिकवायचे त्या चालीत, प्रत्येक शब्दाला तसाच हेल काढत. हे माझ्याकडे बघत राहिले. मग तेही हळूच म्हणू लागले.

आमेन झाल्यावर मी बाबांवरचा राग शोधला. इतकी वर्षं सांभाळलेला, तो कुठं जाणार? पण त्या वेळी नाही सापडला. घरी येऊन थोडा सापडला, खोटं कशाला लिहू. तरी पुढच्या वेळी मला त्यांच्या कबरीवर ने. मला त्यांना सांगायचंय, की मी आत आले होते.

असाच हात धरत राहा.
तुझी,
मोनिका