अण्णाची जांभळ्या बुचाची नळी

१२ नोव्हें., बुध.
लॅबमध्ये आज अण्णाचं रक्त माझ्याच टेबलावर आलं. सख्खा भाऊ! सकाळी फूलबाजारात झेंडूचे क्रेट उतरवताना घाम फुटला, जबड्यात कळ. छातीत काहीच नाही. वहिनीनं अ‍ॅसिडिटी समजून सोडा पाजला, दोन तास त्यात गेले. हार्ट अ‍ॅटॅकमध्ये वाढतं ते ट्रोपोनिन वाढलेलं. मशीन मीच चालवलं.

१३, गुरु.
हृदयाची रक्तवाहिनी पूर्ण बंद नाही, अर्धवट. डॉक्टर एका अभ्यासासाठी दोन्ही प्रकारच्या अ‍ॅटॅकच्या पेशंटची साखर, चरबी ताडून बघतायत. पूर्ण बंदला लाल चिठ्ठी, अर्धवटला पिवळी. अण्णाच्या रक्ताला पिवळी मीच लावली.
तीन महिन्यांची सरासरी साखर दहाच्या पुढे, साडेसहालाच मधुमेह धरतात. 

१४, शुक्र.
खरं लिहिते. दरवर्षी अण्णाचं रक्त मीच घरी जाऊन काढते. आधी आठ दिवस त्याचं गोड बंद, भात बंद, नुसती भाकरी. मग ऐटीत हात पुढे. उपाशीपोटीची साखर छान यायची. सगळं ठाऊक होतं मला, हसायचे मी.
तीन महिन्यांची साखर अशी फसत नाही. त्यासाठी जांभळ्या बुचाची नळी मागच्या वर्षी भरली पण होती. मी निघताना अण्णा हळूच म्हणाला, "सुमे, पिंकीचं लग्न होऊ दे. मग काढ काय आजार काढायचा तो."
आणि भाचीच्या लग्नासाठी मी ती नळी फेकून दिली. वीस वर्षं लॅबमध्ये काढून ही अक्कल!

१६, रवि.
वहिनीला डबा नेला. "सुमनताई, रिपोर्ट तर दरसाली चांगला यायचा. मग आसं कसं झालं वो?"
"होतं कधीकधी," म्हणाले. तिनं माझा हात धरला. "तुमी हाय म्हणून धीर हाय." मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१८, मंगळ.
अण्णा उठून बसला. जड उचलायचं नाही आता कधीच. म्हणजे बाजार...
त्याला म्हटलं, वहिनीला नळीचं सांगून टाकते. डोळे भरले त्याचे. "नको गं. पिंकीला वाटंल, तिच्या लग्नापायी झालं." 

२६, बुध.
डॉक्टरांनी सांगितलं म्हणून पुन्हा रक्त काढायला अण्णाकडे. पिंकी सासरहून, सटाण्याहून आलीय, चहा तिनंच केला, बिनसाखरेचा. दोन नळ्या भरल्या. वहिनी जवळच बसलेली.
"ही जांभळी तर मागल्या साली बी भरली होती ना? तिचा रिपोर्ट काय आला होता वो?"
अण्णा खाली बघत होता. पिंकी माझ्याकडे.
नळी हातात उलटसुलट करत मी म्हटलं, "रिपोर्ट आलाच नाही, वहिनी. ती नळी मी फेकून दिली."