अवजारांची खोली आणि एक खोटा कागद

मी, कोळुमाडंड तंगम्मा, कै. करुंबय्या यांची पत्नी, वय अडुसष्ट, राहणार कोट्टुमाडु, तालुका विराजपेट, जिल्हा कोडगू, हे माझे शेवटचे इच्छापत्र स्वतःच्या हाताने लिहिते. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा दाखला डॉक्टरांनी दिला आहे, तो सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणण्याइतकी चिकाटी सासरच्या माणसांत असती, तर त्यांच्या कॉफीच्या बागांत आज रान माजले नसते.

१. मी राहते ते मोठे घर आणि त्याभोवतीची बाग कुळाच्या सामाईक जमिनीत आहे. ती कोणाला देण्याचा अधिकार मला नाही. माझ्यानंतर ती धाकटे दीर बेळ्ळियप्पा आणि त्यांचा मुलगा कुशालप्पा यांच्याकडे जाईल. त्याबद्दल मला आनंद आहे असे कायदा माझ्याकडून लिहवून घेत नाही, हे बरे.

२. ओढ्याकाठची दीड एकर जागा मात्र माझ्या नावे आहे. माझ्या यजमानांनी ती मला लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवशी दिली. दागिना दिला असता तर तो कपाटात पडून राहिला असता, असे ते म्हणाले. त्या जागेवर अवजारांची खोली आहे आणि मजुरांच्या सहा खोल्यांची ओळ आहे. शेवटच्या खोलीत बोळ्ळी आणि तिचा नवरा करिया राहतात. दोघेही येरव जमातीचे असून तीस वर्षे आमच्या बागेत काम करतात. ही संपूर्ण जागा, सहाही खोल्या आणि अवजारांची खोली मी बोळ्ळीला देते.

हे वाचून कुशालप्पा काय म्हणेल ते मला माहीत आहे, कारण तो ते आधीच म्हणाला आहे. मागच्या उन्हाळ्यात माझ्याच ओसरीवर, माझीच कॉफी पीत म्हणाला, "काकी, तुझ्यानंतर ती ओळ पाडायची. तिथे पाहुण्यांसाठी लाकडी झोपड्या काढू. बंगळुरूच्या लोकांना जंगल हवं असतं." बोळ्ळी तेव्हा पायरीवर बसून कुऱ्हाडीला धार लावत होती. तिचा हात थांबला नाही, पण पुढे किती तरी वेळ ती पात्याच्या एकाच जागी दगड फिरवत राहिली. मी हे मृत्युपत्र त्या दिवशी मनात लिहिले.

३. अवजारे. चेनसॉ म्हणजे यंत्राची करवत एक, गवत-झुडपे कापायचा ब्रश कटर एक, कुऱ्हाडी तीन, कोयते सात, गोल कानशी, पाचरी, तेलाचे डबे, जाळीचा चष्मा, जाड हातमोजे आणि शिरस्त्राण. ही सारी बोळ्ळीची.

ती कशी वापरायची हे तिला सांगण्याची गरज नाही. हे कलम बाकीच्यांसाठी आहे, त्यांना आपण काय गमावले हे कळावे म्हणून. करुंबय्यांनी करवत घेतली ती घरामागचे ऐनाचे झाड वादळात पडले आणि तीन दिवस वाट अडून राहिली त्या वर्षी. घरातल्या पुरुषांना त्यांनी शिकवून पाहिले. बेळ्ळियप्पा पहिल्याच दिवशी म्हणाले, "मला शिकवू नकोस, मी लष्करात होतो." ते लष्करात होते हे खरे आहे. कोठारात होते.

बोळ्ळी म्हणाली, "धनी, मला काहीच येत नाही." करुंबय्यांनी तिलाच शिकवले. आपल्याला येते असे जो म्हणतो त्याच्या हाती करवत द्यायची नाही, हा त्यांचा नियम होता. दातांची साखळी हाताने सहज फिरली पाहिजे, पण ती जिच्यावरून फिरते त्या पट्टीखाली लोंबता कामा नये. प्रत्येक दाताला कानशीचे सारखेच हात, नाही तर करवत एका अंगाला ओढते. तापलेल्या इंजिनात पेट्रोल ओतायचे नाही. खांद्याच्या वर करवत न्यायची नाही. शिडीवर तर नाहीच नाही. हे सारे बोळ्ळी मला संध्याकाळी परवचा म्हणावा तसे म्हणून दाखवी आणि मी हसत असे. मला आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर बर्नार्डा आठवत. कात्री दुसऱ्याला देताना मुठीची बाजू त्याच्याकडे करायची, हे त्यांनी आम्हाला पाचवीत शिकवले. बोटांवर पट्टी खाऊन शिकलेली ती गोष्ट मी अजून विसरले नाही. शिवणाच्या तासाला खिडकीतून येणारा निलगिरीच्या पानांचा वास आठवला की आजही माझा हात कात्री आपोआप उलटी धरतो.

४. दीर बेळ्ळियप्पा यांना खिळा ठोकलेला कुऱ्हाडीचा दांडा देते. कुऱ्हाड सैल झाली तर लाकडी पाचर मारायची असते. त्यांनी खिळा मारला, शाबासकीच्या अपेक्षेने सगळ्यांकडे पाहिले आणि पहिला घाव घातला. पाते सुटून डुकराच्या मांसाच्या हंड्यापासून हातभर अंतरावर रुतले. ते म्हणाले, दांडाच वाईट. तो दांडा मी सतरा वर्षे जपला आहे. त्यांनी तो दिवाणखान्यात लावावा.

५. पुतण्या कुशालप्पा याला दोन वस्तू देते. पहिली, ब्रश कटरने उडालेला दगड. त्याने चपला घालून, चष्म्याशिवाय, पंधरा पावलांत माणसे उभी असताना ते यंत्र चालवले. दगड त्याच्याच नव्या गाडीची काच फोडून आत सीटवर जाऊन बसला. देव त्या दिवशी अजून थट्टेच्या लहरीत होता.

दुसरी वस्तू म्हणजे करवतीचे पुढचे कवच. तिच्याबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे.

६. भात लावणी संपली की तीन सप्टेंबरला आमच्याकडे शस्त्रांचा सण असतो. बंदूक, कोयते, सुऱ्या घासूनपुसून देवघरात मांडायच्या, चंदन लावायचे, कळलावीची फुले वाहायची. मग घरातला वडीलधारा एकेक शस्त्र पुरुषांच्या हाती देतो आणि अंगणात नारळावर नेम धरतात. करुंबय्या करवतही पूजेला ठेवीत. पण आदल्या दिवशी तिची टाकी पूर्ण रिकामी करीत. समई शेजारी असते. "तिचाही उपास," म्हणत.

करुंबय्या गेल्यानंतरच्या दुसऱ्या सणाला, दोन हजार एकवीस साली, कुशालप्पाने पूजा मांडली. करवतीचे पुढचे कवच फुलांच्या आड येत होते आणि फोटो नीट येईना, म्हणून त्याने ते काढले. त्या कवचाचे काम शोभेचे नाही. पट्टीचे टोक लाकडाला लागले की करवत उलटी उसळते. तेव्हा मनगट त्या कवचावर आदळते आणि साखळी जागच्या जागी थांबते. बोळ्ळीने त्याला हे सांगितले. तो म्हणाला, "आता येरवीण मला माझ्या काकाची करवत शिकवणार?" सगळे हसले. मीही किंचित हसले. ते इथे नोंदवते.

दुपारी फणसाच्या उंच फांदीला नारळ बांधले. कुशालप्पाने तीन गोळ्या झाडल्या आणि तीन पाने पाडली. त्यानंतर शेजारच्या बारा वर्षांच्या मुलीने एका गोळीत आपला नारळ फोडला. कोणी कुशालप्पाला म्हणाले, तुझा नारळ आता माकडांना ठेव. आमच्यात नेम चुकलेला माणूस थट्टा ऐकून जेवायला बसतो. हा करवत घेऊन आला. टाकी त्याने भरून ठेवली होती. नारळ नाही तर फांदीच पाडतो, म्हणाला.

करिया म्हणाला, "धनी, चुकला तर चुकला. पुढच्या वर्षी नारळ येतीलच की."

"तू शिडी धर. अक्कल माझ्याकडे आहे."

करियाने शिडी धरली. कुशालप्पा वर चढला आणि एका हाताने करवत डोक्याच्या वर नेली. टोक फांदीला लागले. करवत उसळली, त्याने ती सोडली, आणि साखळी फिरत असतानाच ती खाली आली. करियाला ती येताना दिसली. त्याने शिडी सोडली असती तर कुशालप्पा दगडी कट्ट्यावर पाठीवर पडला असता. करियाने शिडी सोडली नाही. त्याच्या डाव्या हाताचा अंगठा गेला आणि दोन बोटे कायमची वाकडी राहिली.

कुशालप्पाच्या कोपराला खरचटले होते. त्याने त्यावर पट्टी मागितली.

७. आता माझे स्वतःचे. त्या संध्याकाळी दवाखान्यात जबाब लिहायचा होता. बेळ्ळियप्पांनी सांगितले आणि मी लिहिले, कारण घरात माझे अक्षर सर्वांत सुंदर. सिस्टर बर्नार्डांनी घोटून घेतलेले अक्षर. मी लिहिले की मजूर दारू प्यायला होता आणि त्याने आपणहून चालत्या करवतीत हात घातला. सणाच्या दिवशी आमच्यात बायकाही घेतात, तेव्हा कोणाला खोटे वाटणार नव्हते. पण करियाने काविळीनंतर सहा वर्षे दारूला स्पर्श केला नव्हता, आणि हे मला ठाऊक होते. "घराण्याची अब्रू आहे, वहिनी," एवढेच दीर म्हणाले. तेवढ्यावर मी लेखणी उचलली. अर्धवट गुंगीत असलेल्या करियाला विचारण्यात आले की अंगठा लावतोस ना. डावा नव्हता, म्हणून उजवा घेतला.

त्या कागदामुळे त्याला दारुडा ठरवले गेले. दुसऱ्या बागेत काम मागायला गेला तर लोक त्याच्या हाताकडे पाहून हसत. त्याने मला कधी काही विचारले नाही. रोज सकाळी "अव्वा, पाणी काढू का?" एवढेच विचारी, आणि एका हाताने बादली ओढी.

वरच्या कलमांत मी पुष्कळांना नावे ठेवली आहेत. त्या सर्वांपेक्षा हलका माणूस त्या दिवशी सुवाच्य अक्षरात लिहीत बसला होता.

म्हणून मी जाहीर करते की तीन सप्टेंबर दोन हजार एकवीसचा तो जबाब खोटा आहे. करिया शुद्धीवर होता, त्याने दारू घेतली नव्हती, आणि त्याने कुशालप्पाचा जीव वाचवला. याची सहीची प्रत आजच दवाखान्यात आणि पोलीस ठाण्यात पाठवली आहे, माझ्या मरणाची वाट न पाहता. हे कलम माझ्यानंतरच्या पहिल्या सणाला, नारळ बांधण्यापूर्वी, अंगणात मोठ्याने वाचावे. वाचणारा कुशालप्पा असावा. तो नकार देईल. मग त्या नेमबाज मुलीने वाचावे.

८. बँकेतील शिल्लक माझ्या शाळेच्या शिवणवर्गाला. मैत्रीण हिल्डा लोबो हिला माझी बक्षिसाची पुस्तके द्यायची होती, पण साक्षीदाराला काही देता येत नाही. तिने साक्षीदार होणे पसंत केले. म्हणाली, "तुझ्या पुस्तकांत वाळवीशिवाय आहे काय?"

९. परवाच्या सणाला मी करवत पूजेला ठेवली, नवे कवच बसवून आणि टाकी रिकामी करून. वडीलधारी या नात्याने ती मी बोळ्ळीच्या हाती दिली, मूठ तिच्याकडे करून. मग सातवे कलम दोघांना वाचून दाखवले.

बोळ्ळी म्हणाली, "अव्वा, हे तेव्हाच लिहायचं होतं."

तिचे बरोबर आहे. तिचे वाक्य इथे उतरवून ठेवते.

करियाने विचारले, अंगठा कुठे लावायचा. कागद पाहायला आलेले वकील मुद्दय्या म्हणाले की जिला मिळते तिच्या नवऱ्याचा अंगठा चालत नाही. मी म्हटले, या कागदाला त्याची गरजही नाही. एकदा घेतला तेवढा पुरे.

हे मृत्युपत्र अमलात आणण्याचे काम वकील श्री. मुद्दय्या यांच्याकडे सोपवते. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. खालील दोघांच्या देखत, प्रत्येक पान वाचून, सही करते.

(सही) कोळुमाडंड तंगम्मा

साक्षीदार, ज्यांनी माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सह्या केल्या:
१. (सही) हिल्डा लोबो, निवृत्त शिक्षिका, विराजपेट
२. (सही) चंगप्पा, निवृत्त पोस्टमास्तर, कोट्टुमाडु

स्थळ: कोट्टुमाडु, अवजारांच्या खोलीची ओसरी
दिनांक: ५ सप्टेंबर २०२३