घरटी एक मत

रविवार, ५ जुलै २०२६

…त्या संक्रांतीला सकाळी दूध तापवलं, कचऱ्याचा निळा बिन रस्त्यावर नेऊन ठेवला, तिळाचे लाडू डब्यात भरले. हाताला चटके बसले होते, हात नळाखाली धरले. मग मोरपंखी साडीला इस्त्री करायला घेतली आणि फोन वाजला. इथल्या, लंडनमधल्या हॅरोच्या मराठी मंडळातून. "वहिनी, आज तुम्ही हॉलवर किचनचंच बघाल ना? नाही म्हणजे, बाहेर हळदीकुंकू चालू असताना बायकांना उगीच अवघडल्यासारखं नको." हे जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते. मी इस्त्री बंद केली. लाडू माझे चालले, मी नाही चालले.

दीड वर्ष झालं त्याला. त्याच महिन्यात मंडळाच्या यादीतून माझं नावही गेलं. आमचं सभासदत्व जोडप्याचं — एक मेला की दुसराही बाद!

हे सगळं काल आठवलं, कारण काल माझ्या फ्रंट रूममध्ये क्रांती झाली. आम्ही स्टॅनमोरवाले, शिवाय एजवेअरची माणसं. पुष्कर सोफ्याच्या हातावर बसून भाषण देत होता. म्हणाला, आज चार जुलै, अडीचशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या तेरा वसाहतींनी लंडनच्या राजाला सांगितलं, बस झालं. "आपणपण वर्गणी हॅरोला देतो आणि कमिटीत आपला एक माणूस नाही! नो टॅक्सेशन विदाउट रिप्रेझेंटेशन, गाइज!" टाळ्या. नवीन मंडळ काढायचं, तिथे प्रत्येकाला मत. "आई, तुलासुद्धा," म्हणाला, सगळ्यांसमोर.

माझा मुलगा. ऊर भरून आला, खोटं कशाला लिहू.

बुधवार, ८ जुलै

लायब्ररीतून अमेरिकेवरची दोन जाडी पुस्तकं आणली. पोरगा बोलला ते खरं किती, बघावं. माझी शाळा नववीपर्यंत. इंग्रजी शिकले ती इथल्या शाळेच्या किचनमध्ये डिनर लेडी असताना, टीचर लोकांनी टाकून दिलेल्या पेपरांवर. हे म्हणायचे, तू वाचतेस आणि झोप मला लागते.

बॉस्टनला समुद्रात फेकला तो चहा ईस्ट इंडिया कंपनीचा! तीच आपली कंपनी. शाळेत कधी सांगितलंच नाही कुणी. आणि फेकणारे कसे गेले? तिथल्या मूळ लोकांचा वेश करून, तोंडाला काजळी फासून. पराक्रम स्वतःचा, चेहरा दुसऱ्याचा. ज्यांचा चेहरा घेतला त्यांच्याच जमिनी पुढे गिळल्या. शी!

रविवार, १२ जुलै

मधुमतीचा फोन एजवेअरहून. तीही माझ्यासारखीच, नवरा गेलेला, मुलाकडे राहते. म्हणाली, "ह्या वर्षी हॅरोच्या गणपतीचा स्वयंपाक करायचा नाही. बघू, आपलं मंडळ वेगळं कसं होऊ देत नाहीत ते." मी म्हटलं, अगदी नाही करायचा.

रविवार, १९ जुलै

जिंकलो! जुन्या मंडळाचे अध्यक्ष स्वतः दारात, हातात पेढ्यांचा बॉक्स. "वहिनी, गणपतीला दोन महिनेसुद्धा उरले नाहीत. अहो, केटरर पाच दिवसांचं काय मागतो माहितीये? आणि मोदक फ्रोझन!" मी आत या म्हटलं नाही. शेवटी कबूल झाले — एजवेअर-स्टॅनमोरचं मंडळ वेगळं, मोठी पातेली निम्मी आमची. बदल्यात ह्या एका गणपतीचा स्वयंपाक आम्ही करायचा.

पुष्कर सगळ्यांना सांगत सुटलाय की त्याच्या ईमेल्समुळे झालं.

पुस्तकातही तसंच. लढाई अनवाणी शिपायांनी लढली, थंडीत मेले ते. शेवटी फ्रेंचांची जहाजं आली तेव्हा इंग्रज सेनापती शरण आला. आणि त्या हरलेल्या माणसाला पाच वर्षांनी कुठे पाठवला? हिंदुस्थानात, गव्हर्नर जनरल करून! तिकडे नाक कापून घेतलं आणि आमच्यावर साहेब म्हणून बसला.

त्याच युद्धाच्या काळात आपल्या लोकांनीही वडगावला कंपनीची फौज कोंडली होती, शरण आणली होती. तहावर सह्या घेतल्या. कंपनीच्या साहेबांनी तह झुगारला. आणि आपले सरदार बसले एकमेकांकडे डोळे वटारत. पुस्तक मिटून ठेवलं. कुणाकुणाचा राग करायचा?

गुरुवार, ३० जुलै

जिंकल्यावर त्या तेरा वसाहतींचं, आता राज्यांचं, आपसांतच पटेना. वरच्या सरकारला कर गोळा करायचा अधिकार नाही, शिपायांचे पगार थकले, जो तो आपल्यापुरता राजा. म्हणून मग फिलाडेल्फियात बसले नवीन घटना लिहायला. भर उन्हाळ्यात खिडक्या लावून, बाहेर कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून.

आमचेही रविवारी माझ्या डायनिंग टेबलाशी बसणार आहेत. घटना लिहायला. मी पोहे करायचे.

रविवार, २ ऑगस्ट

चार तास बसले. एजवेअरचा समर आला होता, त्याच्या बाजूची बरीच घरं आहेत म्हणून त्याचा तोरा. पॅटिओचं दार लावून घेतलं, शेजाऱ्यांना आवाज नको! मी चहा घेऊन आत गेले की बोलणं थांबायचं. माझ्याच घरात. हे घर ह्यांनी आणि मी घेतलं. दोघांच्या पगारावर, अठ्ठावीस वर्षं फेडलं. पुष्कर आणि सून वैभवी नातीला, तनिषाला घेऊन आले ते हे गेल्यावर, "थोडे दिवस, तुम्हाला सोबत" म्हणून.

सगळे गेल्यावर कागद वाचला. घरटी एक मत, ते कुटुंबप्रमुखाचं. त्या घरातले आईवडील "संलग्न सभासद". कौन्सिलकडून हॉल स्वस्तात मिळायला सभासदांचा आकडा मोठा लागतो, तिथे आम्हाला धरायचं. मत मात्र नाही.

"पुष्कर, ह्यात मी कुठे?"

"आहेस ना, आई! हे बघ. संलग्न."

"आणि मत?"

"आपल्या घराचं मी देईनच ना. तुला विचारून देईन."

"आणि माझं तुझ्याशी पटलं नाही तर?"

फोनकडे बघायला लागला. "आई, प्लीज. समरची माणसं ह्याशिवाय येतच नाहीत. ते म्हणतात, सगळ्या म्हाताऱ्यांना — सॉरी, सीनियर्सना — मत दिलं तर जुनंच मंडळ परत येईल. ते नाही आले तर आपलं मंडळच होणार नाही. इट्स अ कॉम्प्रमाइज."

वैभवी आतून म्हणाली, "आई, तुम्हाला फूड कमिटीत घेतलंय की! हेड म्हणून!"

सोमवार, ३ ऑगस्ट

कॉम्प्रमाइजचं ते पान पुस्तकात सापडलं. दक्षिणेतली राज्यं म्हणाली, आमच्या गुलामांना डोकी म्हणून मोजा, म्हणजे आम्हाला सभागृहात जास्त जागा मिळतील. नाहीतर आम्ही येत नाही. मग पाच गुलाम म्हणजे तीन माणसं, असं ठरलं. मोजायचं, विचारायचं नाही. आणि त्याला कॉम्प्रमाइज म्हणायचं!

मी गुलाम नाही. उगीच मोठे शब्द कशाला. त्यांना फटके बसत होते, मला पोहे करावे लागतात. पण ज्या डोक्यानं ते लिहिलं ते डोकं मी ओळखलं. माझ्या टेबलाशी बसून चहा पिऊन गेलं काल.

किळस आली. पुस्तकाची नाही.

शुक्रवार, ७ ऑगस्ट

भांडी घासताना लक्षात आलं, हे असते तर घराचं मत ह्यांचं असतं. तेव्हाही माझं नसतंच. आणि मी चकार शब्द काढला नसता. ह्यांची आठवण आली आणि ह्यांचाच राग आला, दोन्ही एकदम. नळ तसाच वाहत राहिला.

बुधवार, १२ ऑगस्ट

आज वाचलं ते दोनदा वाचलं. त्या तेरांमध्ये एक न्यू जर्सी. तिथे सुरुवातीपासून बायकांना मत होतं! सगळ्या नाही. लग्न झालेलीचं सगळं नवऱ्याच्या नावावर, म्हणून तिला नाही. पण विधवेला होतं, जिच्या नावावर पुरेशी मालमत्ता असेल तिला. तीस वर्षं त्या बायका जाऊन मत देत होत्या. १८०७ साली काढून घेतलं. बायकांच्या मतदानात घोटाळे होतात म्हणे!

तीस वर्षं. त्यातली एखादी माझ्याच वयाची असेल, थंडीत शाल गुंडाळून गेली असेल.

रविवार, १६ ऑगस्ट

घटना पास झाली.

मतदानाच्या वेळी मी हात वर केला, विरुद्ध. मधुमतीनंही केला. समर हसत म्हणाला, "काकू, हात खाली, आधी घरटी एक ठरलंय." ते ठरवायला कुणाला विचारलं, हे मी मोठ्यानं विचारलं. मग कुणीतरी म्हणालं, "ह्यांचा मुद्दा मिनिट्समध्ये घ्या," आणि लोक हसले. पुष्करही हसला. थोडंसंच, पण हसला. मी त्याच्याकडेच बघत होते.

मग टाळ्या. मग माझी बटाटेवड्यांची परात. दहा मिनिटांत साफ.

घरी येताना गाडीत म्हणाला, "आई, एम्बॅरस केलंस गं." तनिषा मागे झोपली होती.

मंगळवार, १८ ऑगस्ट

काल सकाळी न्याहारी झाल्यावर दोघांना समोर बसवलं आणि सांगितलं, डिसेंबरच्या आत वेगळं घर बघा, तुमचं मत तिकडे नेऊन द्या, ह्या घराचं मी देईन. पुष्कर आधी हसला. मग म्हणाला, "आई, एका मंडळासाठी?" वैभवी रडली. तनिषासाठी माझाही जीव तुटला, पण शब्द मागे घेतला नाही. दुपारी बस धरून एजवेअरला गेले आणि मधुमतीला विचारलं, वरची खोली रिकामी होतेय, येतेस का.