मुझफ्फर पिंजाऱ्याचा नातू

द्वारका, नाशिक
बुधवार

प्रिय मुझफ्फर,

'प्रिय' लिहिताना हात जरा अडखळला. पण पत्राची सुरुवात अशीच करायची असं गुरुजींनी चौथीत शिकवलं होतं, आणि माझं शिक्षण तेवढंच. पुढचं मराठी मी गादीच्या दुकानात बसून शिकले, गिऱ्हाईक येईपर्यंत पेपर वाचत. तेव्हा चुका काढू नकोस.

मागच्या सोमवारी तुझ्या ऑफिसातला दिनेश येऊन गेला. काजू-बदामाचा डबा त्यानं माझ्यासमोर ठेवला आणि उभ्या उभ्याच म्हणाला, "आपा, साहेबांनी तुमचा शाळा सोडल्याचा दाखला मागवलाय. ओरिजिनलच पाहिजे म्हणाले." मी म्हटलं, साहेबांचे पाय दुखतात का? तो हसला. "तसं नाय आपा, मीटिंगमध्ये असतात." इंदिरानगरहून द्वारकेला यायला तुझ्या गाडीला वीस मिनिटं लागतात, सिग्नल लागला तर पंचवीस. एवढ्या वेळात एकही मीटिंग संपत नाही, म्हणजे तू खरंच मोठा माणूस झालास. दिनेशला चहा पाजला, त्याचा काय दोष. डबा मात्र परत दिला. तो तुला मिळाला असेलच.

तुला दाखला कशासाठी हवा आहे ते दिनेशला माहीत नव्हतं. मला ते त्याच्याआधी कळलं होतं, कारण आफिया आदल्याच दिवशी येऊन गेली होती. तुझी मुलगी तुझ्यासारखी नाही. स्कूटर लावली, चप्पल बाहेर काढली आणि माझ्या शेजारी कापसाच्या ढिगावर बसली. म्हणाली, "फुफी, मला मार्क चांगले पडलेत, पण ओपनमधून मेडिकलची सीट मिळत नाही. ओबीसीतून मिळते. फक्त जात पडताळणीचं सर्टिफिकेट पाहिजे, आणि पप्पांकडे चालेल असा एकही कागद नाही." मुलीच्या डोळ्यांत पाणी होतं. तिला मी विचारलं, तुझ्या घराण्याची जात काय गं? तर ती खाली मान घालून म्हणाली, "तेच तर. पप्पांनी कधी सांगितलंच नाही. मी अर्ज भरताना कॉम्प्युटरवर शोधलं."

मुझफ्फर, अठरा वर्षांच्या मुलीला आपण पिंजारी आहोत हे कॉम्प्युटरवर शोधावं लागलं.

मी तुझ्या बंगल्यात एकदाच आले, गृहप्रवेशाला. दारावर संगमरवरात 'मुझफ्फर मंझिल'. हॉलमध्ये सोनेरी फ्रेममध्ये तो शजरा, आपल्या खानदानाचं झाड. वरच्या टोकाला गुजरातचा कुणी सुलतान मुझफ्फर, मग फांद्याच फांद्या, आणि खाली आपले दादा, म्हणजे आजोबा, 'मुझफ्फर खान, जमीनदार, सुरगाणा'. पाहुण्यांना तू काठीनं दाखवत होतास, मुझफ्फरपूर हे आपलं, मुझफ्फरनगर हे आपल्यातल्याच कुणी वसवलेलं. मी मनात म्हटलं, मग तिकडची लिची आपल्याला फुकट का येत नाही? गुजरातेत त्या नावाचे सुलतान झाले असतील, मी कुठे नाही म्हणते. पण माझ्या दुकानाच्या ओळीत मुझफ्फर म्हणून हाक मारली तर तीन माना वळतात. एक ट्रकच्या खालून, एक रस्सीच्या दुकानातून आणि एक अंडाभुर्जीच्या गाडीवरून. तेही सगळे सुलतानाचे वारस असतील तर तुझ्या झाडाला अजून फांद्या काढायला सांग.

त्या शजऱ्यात बायकांना जागा नव्हती. अम्मा नव्हती, मी नव्हते. मला वाईट वाटलं असं समजू नकोस. खोट्या झाडावर बसून मी काय करणार होते?

वाईट दुसऱ्याच गोष्टीचं वाटलं. त्या बंगल्यातल्या चौदा गाद्या अकबरनं भरल्या होत्या. महिनाभर रोज कापूस निवडून, हातानं शिवून. तुझा मेहुणा होता तो. जेवणाच्या वेळी तुझ्या कुणा बिल्डर मित्रानं विचारलं, हे कोण? तर तू म्हणालास, "हे आमचे गादीवाले, जुने ओळखीचे." मी दोन हातांवर उभी होते. अकबरनं ऐकलं आणि नुसती मान हलवली, जणू खरोखरच ओळखीचाच होता. तो जेवला नाही. रिक्षात बसल्यावर एवढंच म्हणाला, "गाद्या बऱ्या झाल्या ना, बास." दोन वर्षांनी तो गेला तेव्हा तू मातीला आलास. कब्रस्तानच्या फाटकाबाहेर तुझी गाडी चालूच ठेवली होतीस, एसी बंद पडू नये म्हणून.

आता तुझ्या नावाची खरी गोष्ट ऐक. तुला कुणी सांगितली नसेल, कारण तू कधी विचारली नाहीस. आपले पणजोबा कासम गावोगाव हिंडून कापूस पिंजायचे. खांद्यावर माणसाच्या उंचीची पिंजण, म्हणजे ते मोठं लाकडी धनुष्य, त्याला बकऱ्याच्या आतड्याची तांत. गल्लीत शिरले की ओरडायचे नाहीत, तांत एकदा छेडायचे. तो आवाज ऐकला की बाया जुन्या गोधड्या आणि उशा घेऊन बाहेर यायच्या. एकदा कुठल्याशा नाक्यावर शिपायांनी ती पिंजण हत्यार म्हणून जप्त केली. चार दिवस पणजोबा नाक्यासमोर बसून राहिले. पाचव्या दिवशी नवा जमादार आला, त्यानं ती बघितली आणि हसत परत दिली. त्याचं नाव मुझफ्फर. घरी आले तर मुलगा झाला होता. अकीक्याला, म्हणजे बारशाच्या कुर्बानीला, बोकड मिळेना, तर शेजारच्यांनी दिला, आणि पोराचं नाव ठेवलं मुझफ्फर. हे आपले दादा. सुलतान नाही, एक जमादार. त्याचं गाव कोणतं हेही कुणाला ठाऊक नाही.

दादा मला पिंजायला शिकवायचे. सुरगाण्यात कापूस पिकत नाही हे तुला माहीत असायला हवं. तिथले लोक उन्हाळ्यात रानातून सावरीची बोंडं आणायचे आणि उशा भरून घ्यायचे. सावरीचा कापूस इतका हलका की तांत जोरात मारली तर सगळा उडून जातो. तिथे तांतीवर मारायची लाकडी मूठ अलगद टेकवायची. कापूस पिंजून झाला की दादा पिंजणीला हात लावून कपाळाला लावायचे, आणि घरातलं कुणी ती ओलांडून गेलं तर त्याला परत फिरवून वळसा घालून जायला लावायचे. तूही एकदा ओलांडली होतीस. दादा तेव्हा नव्हते, पण अब्बांनी तुला तसंच परत फिरवलं होतं. तू रडला होतास.

दादा एकोणसत्तरला गेले. त्याच वर्षी मी चौथी पास झाले. गुरुजींनी दाखला अब्बांच्या हातात दिला आणि म्हणाले, "मुस्तकीम, पोरगी हुशार आहे, हिला पाचवीला घाला." अब्बांनी तो चार घड्या घालून पत्र्याच्या पेटीत ठेवला. पिंजण चालवायला अब्बांना दुसऱ्या माणसाचा हात लागायचा, आणि तो दुसरा माणूस, म्हणजे दादा, आता नव्हता. त्या जूनपासून मी अब्बांबरोबर जायला लागले. पुढच्या वर्षी तू झालास, आणि दादांचं नाव तुला लावलं. मग तुला चांगली शाळा मिळावी म्हणून सगळे सुरगाणा सोडून नाशिकला आलो. तू शाळेत आणि मी कापसात. याची तक्रार मी आजवर केली नाही आणि आजही करत नाही. फक्त नोंद करते.

अम्मानं तुला आयुष्यभर बाबू म्हटलं, ते लाडानं नव्हे. सासऱ्याचं नाव सुनेनं घ्यायचं नाही आणि तुझं नाव तेच. दवाखान्यात कंपाउंडर विचारायचा, पोराचं नाव काय? अम्मा पदर तोंडाला लावून मला पुढे ढकलायची, "ताहेरा, तू सांग गं, मला घेता येत नाही." पोरगा तापानं फणफणलेला, मागे रांग ओरडतेय, आणि ही आपली गप्प. शेवटपर्यंत तिनं ते नाव घेतलं नाही. तू गॅझेटमध्ये छापून पिंजारी काढलंस आणि आडनावच मुझफ्फरी केलंस, तेव्हा ती नव्हती ते बरं झालं. नाहीतर तिला तुझ्या घरातल्या एकाही माणसाचं पूर्ण नाव घेता आलं नसतं. रिक्षावाल्याला तुझ्या बंगल्याचं नावसुद्धा सांगता आलं नसतं.

आता मुद्द्याचं. जात पडताळणीच्या कमिटीला वडिलांकडच्या माणसाचा सदुसष्ट सालाआधीचा कागद हवा. तुझा दाखला शहात्तरचा, तो चालत नाही. अब्बा शाळेत गेले नाहीत, दादा तर नाहीतच. उरली कोण? जिला चौथीनंतर काढली ती. पासष्ट साली पहिलीत घातलेली पोरगी, जी तुझ्या शजऱ्यात नाही. तिच्या एका कागदावर तुझ्या मुलीचं डॉक्टर होणं अडकलं आहे. हे तुला कळलं त्या दिवशी तू काय केलंस? काजू-बदाम घेऊन दिनेशला पाठवलंस. मला राग आला नाही रे. राग बरोबरीच्या माणसाचा येतो.

तुला वाटत असेल, आपा आता दाखला दाबून बसणार, मला पायऱ्या चढायला लावणार. दाखला मी आफियाला त्याच रविवारी दिला, दिनेश यायच्या आदल्या दिवशी. आणि शनिवारी आम्ही दोघी सुरगाण्याला जाऊन आलो. मैत्रिणीकडे अभ्यासाला जाते असं तिनं तुला सांगितलं, तेव्हा ती जीपमध्ये माझ्या मांडीवर फाईल ठेवून बसली होती. शाळेतल्या कुंदन सरांनी जुनं रजिस्टर काढलं, धूळ झटकली आणि पान उघडलं. 'ताहेरा मुस्तकीम मुझफ्फर पिंजारी. जात मुसलमान पिंजारी. दाखल तारीख चौदा जून एकोणीसशे पासष्ट.' तुझ्या मुलीनं त्या ओळीवर बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलंच नाही. दादांचं नाव कागदावर आहे ते तिथे, एवढ्या एकाच ओळीत, आणि त्याच्या पुढे तू गॅझेटात खोडलेला शब्द आहे. कुंदन सरांनी सही-शिक्क्याचा उतारा दिला. बाहेर वडाखाली म्हातारा लहानू बसला होता. आफियानं विचारलं, बाबा, सुरगाण्यात मुझफ्फर जमीनदार कोण होते? तो म्हणाला, "जमीनदार? कोण जमीनदार? मुझफ्फर पिंजारी व्हता. लय भला माणूस. आमच्या घरच्या उशा त्यानीच भरेल व्हत्या." तुझी मुलगी हसली, मग रडली, मग पुन्हा हसली. येताना जीपमध्ये तिनं मला पिंजण कशी धरायची ते विचारलं.

मग हे पत्र कशाला, असं तू म्हणशील. अर्ज काल दाखल झाला. येत्या काही दिवसांत दक्षता पथकाची माणसं तुझ्या बंगल्यावर येतील. वंशावळ विचारतील, घराण्याचा धंदा विचारतील, हत्यारांची नावं, रीतीभाती, कुठल्या गावांत फिरायचात, हे सगळं विचारतील. ते तुला विचारतील, मला नाही, कारण बाप तू आहेस. आणि तुला यातलं काही येत नाही. तू त्यांना सुलतान सांगशील आणि पोरीची सीट जाईल. म्हणून वर जे लिहिलं आहे ते पाठ कर. पणजोबांचं नाव कासम. पिंजण, तांत, लाकडी मूठ. सावरीला हात हलका ठेवायचा. पिंजण ओलांडायची नाही. अम्मा नाव घ्यायची नाही. त्यांनी नाव कुठून आलं विचारलं तर जमादार सांग. आणि ते यायच्या आधी ती सोनेरी फ्रेम उतरव. आफिया उद्या माझ्याकडची दादांची पिंजण घरी आणेल. त्याच खिळ्यावर टांग, खिळा मजबूत आहे, मी बघितला होता. टांगायच्या आधी ती जमिनीवर ठेवावी लागेल. तेव्हा वळसा घालून जा.

तुझीच, शाळेच्या रजिस्टरातली मोठी बहीण,
ताहेरा अकबर पिंजारी