डाव्या हाताची थाप

३ ऑक्टोबर २०२४, गुरुवार

चौदा महिने वहीत एक अक्षर नाही. लाज वाटते. कारणं देत बसलो तर त्यातली निम्मी खोटी निघतील, म्हणून नुसतीच माफी.

आज व्हर्नेटचा फोन. रोझीचा भरपाईचा अर्ज अमेरिकन फुटबॉल लीगने फेटाळला. रोझी म्हणजे तिचा नवरा, रूझवेल्ट पेटवे. सात मोसम माझ्या डाव्या खांद्याला खांदा लावून खेळला. वय चव्वेचाळीस. सोमवारी घरातल्या चपला घालून हायवेवर चालत होता! व्हर्नेटला नोकरीवर जावं लागतं. त्याच्याजवळ दिवसभर कुणीतरी हवं, आणि ते कुणीतरी या अर्जावर अवलंबून होतं.

फेटाळण्याचं कारण असं — २००७ च्या स्मरणशक्तीच्या चाचणीतही त्याचे गुण जवळजवळ इतकेच वाईट होते. म्हणजे घसरण नाही. म्हणजे तो पहिल्यापासून असाच!

ते गुण का वाईट होते, ते मला ठाऊक आहे. मीच शिकवलं.

५ ऑक्टोबर

जुलै २००७, मोसमाआधीचा कॅम्प. त्या वर्षी पहिल्यांदा सगळ्यांना कॉम्प्युटरसमोर बसवलं. शब्द लक्षात ठेवा, आकार ओळखा. पुढे डोक्याला मार बसला की पुन्हा तीच चाचणी, आणि गुण फार उतरले तर मैदानाबाहेर. बाहेर गेलेल्याची जागा दुसरा घेतो. ती परत मिळेलच असं नाही.

न्याहारीच्या टेबलावर मी आमच्या ओळीतल्या बाकीच्या चौघांना म्हणालो, "आज मंद व्हा. दर पाच शब्दांमागे एक मुद्दाम चुकवा. आज तळाशी राहिलात तर उद्या खाली पडायला जागाच नाही."

त्यांतला डॉसन म्हणाला, "मला मुद्दाम कशाला चुकवायला हवं, प्रोफेसर?"

सगळे हसले. (मी इतिहासाचा पदवीधर, म्हणून प्रोफेसर.) रोझी पॅनकेक कापत होता. तोही हसला. हसला का? नक्की आठवत नाही. आठवत नाही असंच लिहायला हवं.

हा किस्सा मी मेजवान्यांमध्ये निदान वीसदा सांगितला असेल. दर वेळी हशा.

६ ऑक्टोबर

काही नाही. गुडघे दुखतायत.

८ ऑक्टोबर

व्हर्नेटच्या वकील, लिंडक्विस्टबाई, यांच्याकडे गेलो. "चाचणी मुद्दाम बिघडवली असं तुम्ही शपथेवर लिहून दिलंत तर ते जुने गुण बाद करून घेता येतील. खेळ न कळणाऱ्यालाही समजेल असं लिहा." सही शुक्रवारी, अठरा तारखेला.

लिहिलं — "आम्ही पाच लाइनमन एका ओळीत वाकून उभे राहायचो. मी मधला. चेंडू पायांमधून मागे द्यायचा आणि मागचा तो फेकेपर्यंत समोरून धावून येणाऱ्यांना अंगाने अडवून धरायचं. आमच्या नावावर गुण लागत नाहीत. चूक झाली तरच आमचं नाव लोकांना कळतं."

शेवटचं वाक्य बाईंनी खोडलं. म्हणाल्या, "हे भावनिक होतंय." भावनिक? ते तर कामाचं वर्णन!

मी हायस्कूलच्या संघाला शिकवतो, म्हणून मुख्याध्यापकांनाही आधीच सांगून टाकलं. त्यांनी उठून दार लावून घेतलं.

"कोच, हे पेपरात आलं तर मी पालकांना काय सांगू?"

"खरं काय ते सांगा."

"मग पुढच्या वर्षी तुम्ही इथे नसाल."

बाहेर पडलो तेव्हा हलकं वाटत होतं. काहीतरी गमावतोय म्हणून हलकं! हे तपासायला हवं.

१२ ऑक्टोबर, शनिवार

टोलेडोला रोझीच्या घरी जाऊन आलो. व्हर्नेटने कॅटफिश तळला होता.

"आला बघा प्रोफेसर! किती वाळलास रे. बायको जेवायला घालत नाही वाटतं?" रोझी दारातच ओरडला. हात अजून फावड्याएवढे. पाच मिनिटांनी पुन्हा — "किती वाळलास रे. बायको जेवायला घालत नाही वाटतं?" मी दुसऱ्यांदाही हसलो.

जेवताना म्हणालो, "रोझी, ती चाचणी चुकवायला मी सांगितलं होतं ना, त्याबद्दल मला माफ कर."

त्याने काटा खाली ठेवला. "मी नाही चुकवली."

"अरे, आपण सगळ्यांनीच —"

"तुम्ही चुकवली असेल. मी सगळा जोर लावला. मला काय होतंय ते मला बघायचं होतं."

मी व्हर्नेटकडे बघितलं. ती ताट उचलत होती. "खरं आहे ते. त्या दिवशी कॅम्पमधून फोन आला होता त्याचा. म्हणाला, व्हर्न, अगदी मन लावून दिली, तरी पंधरातले चारच शब्द आठवले. रडत होता. कुणाला बोलू नकोस म्हणाला. नाही बोलले."

मग रोझीने टेबलाखाली माझ्या मांडीवर थाप मारली. एक. थांबून, दोन.

"एक म्हणजे तुझ्या बाजूला. दोन म्हणजे बाहेर. बरोबर ना?"

मुलीचं नाव त्याला व्हर्नेटला विचारावं लागतं. थापा पाठ आहेत.

१३ ऑक्टोबर

चेंडू मागे देण्याआधी डाव्या हाताने मी रोझीच्या मांडीवर थाप मारायचो. कारण कुणाला अडवायचं हे त्याच्या लक्षात राहायचं नाही. प्रेक्षकांच्या आरड्याओरड्यात त्याला ऐकू येत नसेल, असं मी समजायचो. खरंच समजायचो? सरावातही मारायचो की! रिकाम्या मैदानात कसला आरडाओरडा?

शेजाऱ्याला उघडं पाडायचं नाही — आमच्या ओळीचा हा एकच धर्म. मला त्याचा अभिमान होता. २००९ च्या मोसमानंतर खेळ सोडला तेव्हा माझ्या जागी आलेल्या पोरालाही थापा शिकवून गेलो. निरोपाची भेट! त्या थापांच्या जोरावर रोझी आणखी तीन मोसम डोकं आपटत राहिला.

भलत्याच गुन्ह्याची माफी मागायला गेलो होतो.

१४ ऑक्टोबर

व्हर्नेटचा फोन. "शुक्रवारी तू सही कर. त्याच्या बोलण्यावर कोण विश्वास ठेवणार आहे? मला घरात माणूस हवाय, कोसिक. तुझं स्वच्छ मन घेऊन मी काय करू?"

बरोबर आहे तिचं.

लिंडक्विस्टबाईंना विचारलं, समजा, ते गुण खरेच असले तर? म्हणाल्या, "तर ते शपथपत्र माझ्यापर्यंत आणू नका. लीगमध्ये आला तेव्हा तो ठणठणीत होता आणि चाचणीच्या आधीच्या मोसमांमध्ये बिघडला, असं दाखवता आलं तर गोष्ट वेगळी. तेव्हा ते वाईट गुणच आपला पुरावा ठरतील. पण अठरा-वीस वर्षांपूर्वी एका माणसाचं डोकं कधी बिघडलं, ते आता कोण दाखवणार?"

मी म्हणालो, कुणी नाही.

१६ ऑक्टोबर, बुधवार

सरावानंतर मुलांना पाय कसे ठेवायचे ते दाखवायला माझा २००८ चा एक सामना लावला. चेंडूआधी माझा डावा हात. थाप. पुढच्या डावाला थाप. त्याच्या पुढच्याला थाप. मुलं पाय बघत होती.

घरी येऊन २००३ चा लावला, रोझीच्या पहिल्या मोसमातला. पूर्ण बघितला. माझा डावा हात माझ्याच गुडघ्यावर. रोझी स्वतःच बोट दाखवून मला सांगतोय, कोण कुठून येणार ते! थाप नाही. एकदाही नाही.

उद्या — गॅरेजमधली खोकी उघडून २००४ पासून एकेक सामना बघायचा. पहिली थाप कोणत्या तारखेची, ते शोधायचं.